तळ्याला थर असतात : शिवसागर, वेण्णा आणि शेततळ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की साताऱ्यात सकाळी चहाबरोबर पहिला प्रश्न असतो, "कोयना किती भरलं?" टीएमसी, फूट, क्युसेक हे आकडे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण त्याच पाण्याचं वरचं तापमान किती आणि वीस मीटर खालचं किती, हे कुणी विचारत नाही. पाणी पिण्यालायक राहील का, मासे जगतील का, ड्रिप चोक होईल का, याची बरीचशी उत्तरं मात्र तिथंच असतात. शिवसागरवर, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयावर, बामणोली-तापोळ्याला जाणारे पर्यटक, मासेमारी करणारे, आटपाडी-जतकडचे बागायतदार आणि शाळांमधले शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं एकत्र घेतले आहेत.

बामणोलीला पाण्यात उतरलं की वर पाणी कोमट आणि पायाशी एकदम गार का लागतं?

ऊन पाण्यात फार खोल जात नाही. उन्हातली निम्म्याहून जास्त उष्णता पहिल्या मीटरभरातच शोषली जाते. तापलेलं पाणी हलकं होतं, वरच राहतं. वारा त्याला ढवळतो, पण काही मीटरपर्यंतच. त्याखाली थंडीच्या दिवसांत गार झालेलं पाणी तसंच पडून असतं. उन्हाळ्यात खोल धरणाचे त्यामुळे तीन भाग होतात. वर सगळीकडे जवळपास सारखंच कोमट पाणी. मग एक पट्टा, जिथं दर मीटरला तापमान झपाट्यानं उतरतं. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. त्याखाली गार, शांत, काळोखं पाणी.

इथं एक खुलासा करायला हवा. पोहताना पायाला जो गारवा लागतो तो बहुतेक वेळा ही थर्मोक्लाइन नसते. वारा पडलेल्या दुपारी वरचा अर्धा-एक मीटर जादा तापतो आणि त्याखालचं पाणी त्या मानानं गार लागतं. हा दिवसापुरता थर असतो. रात्री पृष्ठभाग गार झाला की तो मोडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार होतो. मोसमी थर त्याच्या बराच खाली असतो आणि महिनोन्महिने टिकतो.

आणि पोहणाऱ्यांसाठी कळकळीनं सांगतो : शिवसागरचा काठ म्हणजे बुडालेल्या डोंगराचा उतार आहे. चार पावलांत पाय सुटतो, आणि अंगाला एकदम गार पाणी लागलं की चांगल्या पोहणाऱ्याचाही श्वास चुकतो. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय उतरू नका.

फरक तर चार-पाच अंशांचाच असतो. एवढ्यानं पाणी वेगळं कसं राहील?

या पानावरचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच. पाणी सर्वांत जड असतं ते सुमारे 4 अंश सेल्सिअसला, हे शाळेत शिकवतात. पण पुढची गोष्ट सहसा सांगायची राहते. पाणी जसजसं तापतं तसतसा दर अंशामागे त्याचा हलकेपणा जास्त वेगानं वाढत जातो.

आकड्यांत पाहा. 4 अंशांवरून 5 अंशांवर गेलं तर एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी जेमतेम 8 ग्रॅमनं हलकं होतं. तेच 25 वरून 26 अंशांवर गेलं तर सुमारे 260 ग्रॅमनं. एकाच अंशाचा फरक, पण परिणाम तीसपट. आता 29 अंशांचं पाणी वर आणि 24 अंशांचं खाली असं धरा. दोन्हींच्या वजनात घनमीटरमागे सव्वा किलोहून जास्त फरक पडतो. युरोपातल्या एखाद्या तळ्यात 9 अंश वर आणि 4 अंश खाली असतील, तर पाच अंशांचाच फरक असूनही तो 200 ग्रॅमसुद्धा भरत नाही.

म्हणून थंड देशांतल्या पुस्तकांतले नियम इथं जसेच्या तसे लावता येत नाहीत. आपल्याकडे दोन-तीन अंशांची तफावतही पाण्याचे थर वेगळे ठेवायला पुरेशी ठरते. थर्मामीटर बघून "काही खास फरक नाही" म्हणणारा माणूस इथंच फसतो.

वर्षातून किती वेळा तळं वर-खाली ढवळलं जातं?

जागेवर अवलंबून आहे. हिवाळ्यात गोठणाऱ्या थंड प्रदेशातल्या तळ्यांत दोनदा : वसंतात बर्फ वितळल्यावर आणि हिवाळ्याच्या तोंडावर, जेव्हा वरपासून खालपर्यंत सगळं पाणी 4 अंशांच्या जवळ येतं. ती गोठतात तेव्हा उलटा थर लागतो, म्हणजे वर बर्फाखाली शून्याजवळचं पाणी आणि तळाला 4 अंशांचं.

आपली खोल धरणं गोठत नाहीत. ती साधारणपणे वर्षातून एकदा, थंडीत, पूर्ण मिसळतात. नैनितालचं तळंही याच जातीचं आहे.

काही तळी कधीच पूर्ण मिसळत नाहीत. आफ्रिकेतलं टांगानिका सुमारे 1470 मीटर खोल आहे. त्याच्या वरच्या शे-दोनशे मीटरखाली ऑक्सिजनच नाही. एवढ्या अफाट पाण्यातले मासे फक्त वरच्या पातळ पट्ट्यात जगतात.

शिवसागरसारख्या जलाशयाचं वर्ष मी असं मांडतो. फेब्रुवारीत ऊन चढायला लागलं की वरचा थर तयार व्हायला लागतो. मार्च ते मे तो पक्का होत जातो. त्याच वेळी धरण उतरत असतं, तापोळ्याकडचं पाणी मागं हटतं आणि बुडालेले बांध, जुन्या वाटा उघड्या पडतात. मेअखेर जलाशयाच्या वरच्या शेपटात एवढं कमी पाणी असतं की तिथं थर राहतच नाहीत. धरणाच्या भिंतीकडच्या खोल भागात मात्र ते असतात. जूनमध्ये ढग, वारा आणि नद्यांचा लोट येतो आणि सगळी घडी विस्कटते. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा थोडेफार थर लागतात. मग कोरडी, गार हवा सुटते, पृष्ठभागावरून बाष्पीभवन वाढतं, वरचं पाणी गार आणि जड होऊन खाली उतरायला लागतं. डिसेंबर-जानेवारीत रात्रीमागून रात्री हे चालतं आणि अखेर वरपासून तळापर्यंत पाणी एकसारखं होतं. तळाला वर्षभराचा ऑक्सिजन मिळतो तो या दिवसांत.

धरण आणि नैसर्गिक तळं यांत एक मोठा फरक आहे. तळ्याची पातळी वर्षात थोडी बदलते, धरणाची कितीतरी मीटरनं. त्यामुळे धरणाचे थर कधी लागणार आणि कधी मोडणार हे ऊन-वाऱ्याइतकंच पाणी सोडण्याच्या वेळापत्रकावरही ठरतं.

वेण्णा लेकच्या जेटीवर दव गोठतं, तळं का गोठत नाही?

दर हिवाळ्यात महाबळेश्वरहून फोटो येतात. बोटक्लबच्या जेटीवर, गाड्यांच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरे हिमकण. त्याच दिवशी वेधशाळेचं किमान तापमान बघितलं तर शून्याच्या बरंच वर असतं आणि लोक म्हणतात, कुणीतरी खोटं बोलतंय. कुणीच खोटं बोलत नसतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गवत, लाकूड, पत्रा यांची उष्णता थेट आकाशाकडे निघून जाते आणि ते आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतात. शिवाय गार हवा जड असल्यानं ती उतारावरून घरंगळत वेण्णेच्या खोलगट जागेत साचते. म्हणून तिथंच हिमकण दिसतात, उंचावरच्या वेधशाळेत तेवढी थंडी नोंदली जात नाही.

पाण्याचं तसं होत नाही. पृष्ठभागावरचं पाणी गार झालं की जड होऊन बुडतं आणि खालचं ऊबदार पाणी त्याची जागा घेतं. तळं गोठायचं तर आधी वरपासून तळापर्यंतचं सगळं पाणी 4 अंशांपर्यंत उतरावं लागेल. त्यानंतरच वरचं पाणी वर थांबून शून्याकडे जाईल. महाबळेश्वरची थंडी कितीही बोचरी असली तरी दुपारी ऊन असतंच, त्यामुळे ती वेळ येत नाही. वेण्णा लेक 1842 साली बांधलेला उथळ तलाव आहे. तो थंडीत जवळजवळ रोज रात्री तळापर्यंत ढवळला जातो. पहाटे पाण्यावर वाफ दिसते ती याच ऊबदार पाण्याची.

पावसाळ्यात नद्यांचं गढूळ पाणी जलाशयात शिरतं, ते कुठं जातं?

बऱ्याच जणांना वाटतं ते वरून पसरत जातं. पण जूनमधलं नदीचं पाणी जलाशयाच्या पृष्ठभागापेक्षा गार असतं, शिवाय मातीनं जड झालेलं असतं. ते काही अंतर वरून येतं आणि मग बुडी मारतं. तळाच्या उतारावरून, जुन्या नदीपात्रातूनच पुढं सरकतं. बरोबरीच्या वजनाचा थर लागला की त्या खोलीवर आडवं पसरतं. कधी तळापर्यंत जातं, कधी अधेमधे थांबतं.

ही जागा डोळ्यांनी दिसू शकते. कोयना, सोळशी, कांदाटी या नद्या जिथं जलाशयाला मिळतात त्या बाजूला पहिल्या मोठ्या पावसानंतर उंचावरून बघा. लाल पाण्याचा पट्टा एका जागी तुटल्यासारखा संपतो. त्या रेषेवर काटक्या, पालापाचोळा, फेस अडकून राहिलेला असतो, कारण पाणी खाली गेलं तरी तरंगणारं सामान वरच राहतं. पलीकडे पाणी हिरवट आणि स्वच्छ.

स्वित्झर्लंडच्या फ्रान्स्वा-अल्फोन्स फोरेलनं जिनिव्हा सरोवरात ऱ्होन नदी अशीच बुडी मारते हे एकोणिसाव्या शतकात दाखवलं. तळ्यांच्या अभ्यासाचं शास्त्र त्याच्यापासून सुरू झालं असं मानतात. आपल्याकडे या माहितीचा व्यवहारातला उपयोग गाळाशी आहे. गढूळ पाणी कोणत्या खोलीनं येतंय ते कळलं, तर कुठल्या दारातून पाणी घेणं टाळायचं तेही कळतं.

वाऱ्यानं पाणी ढवळत नाही का? लाटा तर मोठ्या उठतात.

ढवळतं, पण वरचंच. रवी मडक्याच्या तळापर्यंत पोचली नाही तर ताक वरच्यावरच घुसळलं जातं, तसं. जड पाणी वर उचलायला वाऱ्याला ताकद लावावी लागते, आणि उन्हाळ्यात थरांमधला फरक मोठा असल्यानं ती पुरी पडत नाही.

वाऱ्याच्या दोन करामती मात्र बघण्यासारख्या आहेत. वारा बऱ्यापैकी वाहत असला की पाण्यावर त्याच्या दिशेनं फेसाच्या समांतर रेघा पडतात. लाँचमधून जाताना नीट बघा, दोन रेघांमध्ये काही मीटरचं अंतर दिसेल. पाणी तिथं आडव्या वळ्यांसारखं फिरत असतं. एका रेघेशी दोन बाजूंचं पाणी एकत्र येऊन खाली जातं आणि फेस, पानं, किडे वर राहतात. रेघांच्या मधल्या जागेत खालचं पाणी वर येतं. अर्व्हिंग लँगम्यूर या शास्त्रज्ञानं 1927 साली अटलांटिक समुद्रात तरंगत्या शेवाळाच्या अशा रांगा पाहिल्या, पुढं अमेरिकेतल्या लेक जॉर्ज तळ्यात प्रयोग केले आणि 1938 मध्ये त्याचं कारण मांडलं.

दुसरी करामत डोळ्यांना दिसत नाही. दोन-तीन दिवस एकाच बाजूनं वारा वाहिला की वरचं कोमट पाणी वाऱ्यापुढच्या काठाला ढकललं जातं. तिथं कोमट थर जाड होतो, आणि उलट टोकाला खालचं गार पाणी वर सरकतं. वारा थांबला की ही सीमारेषा झोके घ्यायला लागते. शिवसागरची लांबी सुमारे 50 किलोमीटर धरा, वरचा थर 10 मीटर, खालचा 30, तापमान 28 आणि 23 अंश. या ढोबळ हिशेबानं एक झोका पुरा व्हायला साडेतीन-चार दिवस लागतात. पृष्ठभाग शांत दिसत असतो आणि आत कित्येक मीटरची लाट संथपणे ये-जा करत असते. "काल इथं पाणी कोमट होतं, वारा नाही-पाऊस नाही, आज एकदम गार कसं?" या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा हेच असतं.

पृथ्वीच्या फिरण्यामुळे तळ्यात मोठे चक्राकार प्रवाह होतात म्हणे?

होतात, पण रुंद तळ्यांत. अमेरिकेतल्या महासरोवरांत आणि जिनिव्हातही ते मोजले आहेत. शिवसागर दरीत अडकलेला, लांबट आणि अरुंद आहे. त्यात आपण विषुववृत्तापासून फार दूर नाही. त्यामुळे इथं हा परिणाम किरकोळ. बोटवाले ज्याला भोवरा म्हणतात तो नदीच्या लोटाचा किंवा वळणावरच्या वाऱ्याचा असतो.

तळाचं पाणी गार आणि उन्हापासून लांब. मग पिण्याला तेच चांगलं नाही का?

नाही. गार आहे, पण ताजं नाही.

पाण्यात ऑक्सिजन येतो हवेतून आणि उजेडात वाढणाऱ्या शेवाळातून, म्हणजे दोन्ही वरूनच. थर लागले की खालच्या पाण्याचा हा पुरवठा तुटतो. खर्च मात्र चालूच राहतो. वरून पडणारं मेलेलं शेवाळ, पावसाळ्यात वाहून आलेला पाचोळा, बुडालेली जुनी झाडं हे सगळं जीवाणू कुजवत असतात आणि त्यासाठी ऑक्सिजन वापरतात. 25 अंशांच्या पाण्यात मुळात ऑक्सिजन मावतोच लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम, सह्याद्रीच्या उंचीवर त्याहून थोडा कमी. त्यात तापमान दहा अंशांनी वाढलं की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. थंड देशातल्या तळ्याचा तळ 5 अंशांना असतो, आपला विशीच्या पुढं. म्हणजे साठा कमी आणि खर्च तिप्पट. उन्हाळ्यात खोल धरणांच्या तळाशी ऑक्सिजन संपतो तो असा.

तो संपला की गाळातलं रसायन बदलतं. गाळात घट्ट बसलेलं लोह आणि मँगनीज विरघळून पाण्यात येतं, फॉस्फरस सुटतो, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, मिथेनचे बुडबुडे निघतात. असं पाणी जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) उचललं की सुरुवातीला स्वच्छच दिसतं. हवा आणि क्लोरिन लागल्यावर लोहाचा तांबूस आणि मँगनीजचा काळा रंग उमटतो. मग धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांवर डाग, माठाच्या तळाशी काळपट साका, नळाला वास. लोक पाइपलाइनला दोष देतात. पाइपलाइन जुनी असतेही, पण त्याआधी पाणी कोणत्या खोलीवरून घेतलं ते विचारायला हवं.

इलाज अवघड नाही. पाणी घेण्याच्या मनोऱ्याला वेगवेगळ्या उंचीवर दारं असली तर मोसमाप्रमाणे थर निवडता येतो. फार वर घेतलं तर शेवाळ येतं, फार खाली घेतलं तर लोह-मँगनीज. मधली जागा शोधायची आणि ती दर पंधरवड्याला तपासायची. शुद्धीकरण केंद्रात पायऱ्यांवरून पाणी पाडतात ते शोभेसाठी नसतं. त्यानं हवा मिसळते आणि वास, लोह दोन्ही कमी होतात.

कोयनेतून सोडलेलं पाणी कोणत्या थरातलं असतं?

कुठून सोडलं यावर. भर पावसाळ्यात सहा वक्र दरवाजे उचलतात तेव्हा जाणारं पाणी मुख्यतः वरच्या भागातलं. "पायथा वीजगृहातून 2100 क्युसेक" अशी बातमी येते तेव्हाचं पाणी त्यापेक्षा खालच्या भागातलं. उन्हाळ्यात पायथ्याजवळ कोयनेचं पात्र आसपासच्या ओढ्यांपेक्षा गार लागतं ते यामुळे. कऱ्हाडला प्रीतिसंगमापर्यंत येता येता ते उन्हानं, दगडांवरच्या खळाळानं पुष्कळसं बदलतं, ऑक्सिजनही परत मिळवतं.

पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी जाणारं पाणी बोगद्यांतून जातं. कोयना वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी 13 मार्च 1999 आणि 25 एप्रिल 2012 रोजी जलाशयाच्या पोटात स्फोट करून बोगदा जोडला, ज्याला आपण लेक टॅपिंग म्हणतो. पातळी खाली गेली तरी पाणी घेता यावं हा त्यामागचा हेतू. खोलवरचं पाणी असं सतत काढलं जातं तेव्हा खालचा गार साठा कमी होतो आणि कोमट थर खाली उतरतो. म्हणजे विजेची मागणीही जलाशयाच्या थरांवर आपला ठसा ठेवते.

वारा-पाऊस झाल्यावर अचानक मासे तरंगायला का लागतात?

सगळ्यांना आधी विषाचा संशय येतो. तो कधी खराही असतो, म्हणून नमुना घेणं चुकवू नका. पण तलावात, विशेषतः उन्हाळ्याच्या शेवटी, आणखी एक कारण असतं. वळवाच्या वादळानं वरचं पाणी एकाएकी गार होतं, थर मोडतो आणि तळाचं ऑक्सिजन नसलेलं, सल्फाइड असलेलं पाणी वर मिसळतं. काही तासांत सगळ्या तलावाचा ऑक्सिजन खाली येतो. कार्प जातीच्या माशांना लिटरमागे 4-5 मिलिग्रॅमच्या खाली त्रास व्हायला लागतो. पहाटे मासे वर तोंड काढून हपापताना दिसले तर धोका जवळ आहे, कारण रात्रभर शेवाळही ऑक्सिजन वापरत असतं आणि पहाटेच तो सर्वांत कमी असतो.

थर लागलेल्या तलावात कटला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तळाचा ऑक्सिजन गेला की मृगळला वर सरकावं लागतं आणि सगळी गर्दी एकाच पट्ट्यात होते. जाळं किती खोल सोडायचं हे जाणते मासेमार मोसमाप्रमाणे बदलतात. थर्मामीटर न लावता त्यांना हे कळतं, आणि त्यांच्याकडून या नोंदी कुणीतरी लिहून घ्यायला हव्यात असं मला मनापासून वाटतं. पिंजऱ्यात मासे पाळणाऱ्यांना मात्र जागा सोडून जाता येत नाही. पिंजऱ्याच्या खाली भरपूर पाणी असावं, आणि वळवाच्या काळात खाद्य कमी करावं.

सांगलीला आयर्विन पुलाखाली कृष्णेत मासे मरतात, त्याच्याशी याची गल्लत करू नका. वाहत्या नदीत असे थर टिकत नाहीत. तिथं कमी झालेला प्रवाह आणि पात्रात सोडलेलं दूषित पाणी हेच आधी तपासलं पाहिजे.

तीन मीटरच्या शेततळ्यातही थर पडतात का?

पडतात, आणि आटपाडी, जत, माण, खटावच्या डाळिंब-द्राक्ष बागायतदारांना याचा थेट फटका बसतो. 30 बाय 30 बाय 3 मीटरचं प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं, चारी बाजूंनी बांध, त्यामुळे वारा कमी. कागद काळा, ऊन कडक. एप्रिलच्या दुपारी वरच्या आणि तळाच्या पाण्यात काही अंशांचा फरक सहज पडतो. रात्री बराचसा मोडतो. पण पाणी हिरवं असेल तर ऊन वरच अडतं आणि तळाशी दिवसदिवस हवा पोचत नाही. मग तळाचा गाळ काळा पडतो, वास येतो.

फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप, तळावर टेकलेला असेल तर हेच काळं पाणी आधी ड्रिपमध्ये जातं. त्यातलं लोह हवा लागून ड्रिपरच्या तोंडाशी धरतं, सँड फिल्टरला सारखं बॅकवॉश द्यावं लागतं, म्हणजे उलटं पाणी सोडून तो धुवावा लागतो. फूटव्हॉल्व्ह रिकाम्या बॅरलला बांधून पृष्ठभागाखाली एक ते दीड मीटरवर लटकता ठेवा. पातळी उतरली की तोही उतरतो, वरचं शेवाळही ओढलं जात नाही. खर्च एका बॅरलचा आणि लवचिक पाइपच्या तुकड्याचा.

तळाशी हवा सोडून थर मोडता येतात का?

लहान तलावात येतात. नैनितालच्या तळ्यात 2007 पासून तळाशी नळ्या टाकून हवा सोडतात. बुडबुडे वर जाताना पाणी बरोबर ओढतात आणि ऑक्सिजन खाली पोचतो. पण तलावात मैलापाणी येणं चालूच राहिलं तर कॉम्प्रेसर बंद पडला की पहिले पाढे पंचावन्न. शिवसागरएवढ्या पाण्यात हा उपाय परवडणारा नाही. तिथं पाणी घेण्याची खोली बदलणं हाच शहाणपणा. शेततळ्यात मात्र पंपाचं थोडं पाणी रात्री फवाऱ्यानं परत तळ्यातच सोडलं तरी फरक पडतो.

तळ्यातून विषारी वायू उसळून माणसं मेली होती असं व्हॉट्सअॅपवर फिरतं. आपल्याकडे होईल का?

घटना खरी आहे. 21 ऑगस्ट 1986 ला आफ्रिकेत कॅमेरूनच्या न्योस तळ्यातून कार्बन डायऑक्साइडचा लोट उसळला आणि 1700 हून जास्त माणसं झोपेतच गुदमरली. पण ते ज्वालामुखीच्या मुखातलं तळं आहे. जमिनीतून येणारा वायू तळाच्या पाण्यात वर्षानुवर्षं साचत होता आणि ते पाणी कधी वर मिसळत नव्हतं. आपल्या धरणांखाली असा वायूचा झरा नाही आणि पाणी दरवर्षी मिसळतं. असे मेसेज आले तर पुढं पाठवू नका.

कोयनेच्या भूकंपांशी या थरांचा संबंध आहे का?

नाही. डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर जो अभ्यास झाला तो जलाशयाचं वजन, पातळीचे चढउतार आणि खडकाच्या भेगांत मुरणारं पाणी यांचा. पाण्याचं तापमान त्यात येत नाही.

हवामान बदलाचा यावर काय परिणाम होतोय?

जगभरातल्या 235 तळ्यांच्या 1985 ते 2009 च्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा उन्हाळ्यातलं पृष्ठभागाचं तापमान दर दशकाला सरासरी 0.34 अंशानं वाढलेलं दिसलं. वरचं पाणी जितकं तापेल तितके थर घट्ट होतात आणि हिवाळ्यात मोडायला वेळ लागतो. जिनिव्हा सरोवर 300 मीटरहून खोल. ते तळापर्यंत पूर्ण मिसळलं ते 2012 च्या कडक थंडीत, आणि पुढं कितीतरी हिवाळे तसं झालं नाही. तळाचा ऑक्सिजन घटत गेला.

हे तिथं कळतं, कारण तिथं दशकानुदशकं दोर सोडून तापमान मोजलंय. आपल्याकडेही धरणावर पातळी मोजणारा माणूस रोज जातो, पावसाचं माप रोज लिहितो. महिन्यातून एकदा दर दोन मीटरवर तापमान आणि ऑक्सिजन मोजून तो तक्ता टीएमसीच्या शेजारी लावायला फार खर्च येणार नाही. एखादा हिवाळा ऊबदार गेला आणि कोयना, धोम किंवा चांदोलीचं पाणी तळापर्यंत मिसळलंच नाही, तर पुढच्या मे महिन्यात त्याचा वास नळाला येईल. त्याची चाहूल चार महिने आधी लागू शकते.

शाळा-कॉलेजच्या मुलांना हे मोजता येईल का?

येईल. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात लांब वायरीचा वॉटरप्रूफ टेंपरेचर सेन्सर काही शे रुपयांत मिळतो. वायर दोरीला बांधा, टोकाला वजन लावा आणि दोरीवर दर मीटरला रंगीत धागा गुंडाळा. वरपासून खालपर्यंत एकच सेन्सर वापरा. आपल्याकडे एकेक अंशाचा फरकही महत्त्वाचा असल्यानं दोन वेगळे सेन्सर लावले तर त्यांच्यातलीच तफावत थर म्हणून लिहिली जाते. आधी तो कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का बघा. प्रत्येक खोलीवर आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.

सेन्सर नसेल तर वजन बांधलेली बुचाची बाटली खाली सोडा, दुसऱ्या दोरीनं बूच ओढा, भरली की झटकन वर घ्या आणि लगेच थर्मामीटर घाला. बाटलीला फोम गुंडाळलेला असावा. दहा मीटरच्या खाली पाण्याच्या दाबानं बूच निघत नाही, तेव्हा तेवढ्याच खोलीपर्यंत ही पद्धत चालते.

शिवसागरचा काठ अभयारण्याचा आणि धरणाच्या सुरक्षेचा भाग आहे, परवानगीशिवाय जाऊ नका. सुरुवात गावच्या पाझर तलावापासून करा, पण विहिरीपाशी किंवा शेततळ्याच्या निसरड्या कागदावर मुलांना एकटं सोडू नका. नोंदीत ठिकाण, तारीख, वेळ, पाण्याची पातळी, ऊन की ढग आणि आदल्या दिवशीचा वारा एवढं लिहा. जानेवारीच्या मध्याला एकदा आणि एप्रिलच्या शेवटी एकदा मोजलं, तर दोन आलेख शेजारी ठेवून मुलांना फरक समजावून सांगावा लागणार नाही.